चिठ्ठीवरचा तिसरा रकाना

वाचकहो, ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी उच्चारलंत? चारचौघांत, मोठ्यानं, मान खाली न घालता? प्रश्न टोचणारा आहे, मला कल्पना आहे. मी तो आधी स्वतःलाच विचारला आणि उत्तर शोधताना मला घाम फुटला. आपण सगळे ठाऊक असणारी माणसं. सभेत, हॉटेलात, कचेरीत, पारावर, वर्तमानपत्रात... जिथं जाल तिथं प्रत्येकाला सगळं ठाऊक आहे. पण आमच्या उस्मानाबादेत एक माणूस असा होता, जो हे वाक्य रोज लिहायचा. दौतीच्या शाईनं लिहायचा, दोऱ्यानं बांधायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं फळीवर मांडून ठेवायचा. तो माणूस आता नाही. त्यानं बांधलेले दोरे मात्र अजून सुटलेले नाहीत, आणि ते सुटू नयेत एवढ्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे.

गफूरचाचा गेल्याचं मला अणदूरला कळलं. मी तिथं शाळेत शिकवतो. मधल्या सुट्टीत मी रस्त्याकडेला उभा होतो, तेवढ्यात उस्मानाबादहून आलेली एस.टी. थांबली आणि ओळखीच्या कंडक्टरनं खिडकीतून मान बाहेर काढली. ‘‘गुरुजी, तुमचे रेडिओवाले चाचा गेले की! काल जुम्म्याच्या नमाजानंतर मिट्टी झाली.’’ एवढं बोलून त्यानं घंटी मारली. त्याला पुढं जायचं होतं. मी हेडमास्तरांना सांगून मिळेल ती गाडी पकडली. आमची आई अजून ‘उस्मानाबाद’ म्हणत नाही, तिच्या तोंडी धाराशिवच. त्या दिवशी सबंध रस्ताभर मला एकच गोष्ट छळत होती. मागच्या खेपेला चाचांनी मला थांब म्हटलं होतं आणि मी ‘पुढल्या रविवारी येतो’ म्हणून गाडी गाठली होती.

स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक अरुंद खोली, आणि मधल्या दारापलीकडं राहतं घर, त्याला मागून वेगळी वाट. दुकानात बिस्किटांचे पत्र्याचे डबे भिंतीला लागून छतापर्यंत रचलेले. चाची उंबऱ्याशी बसल्या होत्या. मला बघून रडल्या नाहीत. त्यांचं रडून झालं असावं. ‘‘चाळीसव्या दिवसापर्यंत ते इथंच हायत, असं मी समजते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तोवर एक डबा हलवू देणार न्हाय. पण त्याच्यानंतर पुढची खोली मालकाला द्यायचीय, बेटा. भंगारवाला येऊन गेला. वजनावर नेतो म्हणतो समदं.’’ मग त्यांनी पदरानं एका डब्याचं झाकण पुसलं. ‘‘फक्त म्हणतो... चिठ्ठ्या आधी काढून टाका.’’

चिठ्ठ्या आधी काढून टाका! त्या दुकानात जे काही होतं ते चिठ्ठ्यांतच होतं, हे त्या भंगारवाल्याला कोण सांगणार? त्याला कशाला, ते तुम्हालाही ठाऊक नसेल, म्हणून सांगतो.

मोठं महायुद्ध संपल्यावर फौजांचे बिनतारी संच मोडीत निघाले. ते फोडून त्यांच्या पोटातला माल पोत्यांनी विकला गेला. बाजारात त्याला ‘डिस्पोजल’ म्हणतात. काचेच्या दिव्यांसारखे व्हॉल्व्ह, कंडेन्सर, कॉइली, क्रिस्टल, नाना तऱ्हेची बारीकसारीक चीजवस्तू. दुकानातल्या नव्या मालावर कंपनीचं नाव असतं, सोबत कागद असतो, किती व्होल्ट द्यायचे ते छापलेलं असतं. डिस्पोजलच्या मालावर यातलं काही नाही. फौजेचा एखादा नंबर, बाणाचा शिक्का, आणि तोही निम्मा घासलेला. म्हणजे वस्तू उत्तम, पण ती काय आहे, किती सोसते, कोणत्या लहरीवर चालते, याबद्दल एक अक्षर नाही. चाचा सिकंदराबादेहून असा माल पोत्यानं आणत आणि एकेक नग हातात घेऊन त्याची ओळख पटवत. ओळख पटली की तिची चिठ्ठी लिहून नगाला बांधत. चिठ्ठीवर तीन रकाने. पहिला ‘काय आहे’, दुसरा ‘कशावरून’, आणि तिसरा ‘ठाऊक नाही’. पहिले दोन भरले तरी तिसरा कोरा ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. अगदी ओळखीच्या कंडेन्सरच्या चिठ्ठीवरही तिसऱ्या रकान्यात काहीतरी असे... ‘उन्हाळ्यात किती टिकेल, ठाऊक नाही.’

मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो तो लाउडस्पीकरसाठी. भाषावार राज्याची चळवळ जोरात होती, मी कॉलेजात होतो आणि माझ्या अंगात पत्रकांचा ताप होता. पत्रकांवरच मी वाढलो म्हणा ना. निजामाच्या राजवटीत वडील सरहद्दीपलीकडच्या मुक्तिसंग्रामाच्या कॅम्पातून पत्रकं आणायचे, कडब्याच्या पेंढीत लपवायचे. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांवर. त्यामुळं पूर्णविरामाआधी मला उद्गारचिन्ह येत असे. चाचा त्याच काळात निजामाच्या फौजेत तारायंत्रावर होते. म्हणजे दुसऱ्या बाजूला. वडिलांनी मला बजावलं होतं, ‘‘त्या दुकानाची पायरी चढू नकोस.’’ पण अख्ख्या गावात भाड्यानं न देता नुसता मागितला म्हणून लाउडस्पीकर देणारा दुसरा कोणी नव्हता.

‘‘कुणाचा मुलगा?’’ त्यांनी विचारलं. मी वडिलांचं नाव सांगितलं. वाटलं, आता हाकलतील. ते हसायलाच लागले.

‘‘अरे, तुझ्या बापाची पत्रकं आम्ही पकडून वाचायचो! लई गरम. चहाची गरज न्हाय पडायची. पण एकात लिवलं होतं, अमुक चौकीवर दोनशे शिपाई हायत. बेटा, त्या चौकीवर मी होतो. आम्ही सोळा होतो. सोळा! त्यातले दोन बावर्ची.’’

‘‘लढ्यात आकडे महत्त्वाचे नसतात,’’ मी म्हणालो. तेव्हा मी असंच बोलत असे.

‘‘व्हय? मग तुझ्या स्पीकरला किती व्होल्ट देऊ? दोनशे देऊ का सोळा?’’

त्यांनी डब्यातून पितळी टोपी घातलेला एक मोठा व्हॉल्व्ह काढला. काच स्वच्छ, तिच्यावर एकही अक्षर नाही. तो त्यांनी तोंडाजवळ धरला आणि आरशावर सोडतात तसा त्याच्यावर हलकेच श्वास सोडला. काच धुरकटली, आणि त्या धुरकटीत क्षणभर आकडे उमटले... ८०७. मग वाफ विरली, आकडेही गेले. ‘‘पुसलेलं पुसलं जात न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘वाचायला ओल पाहिजे फक्त.’’ पण तेवढ्यावर त्यांनी चिठ्ठी लिहिली नाही. काचेवर आठशेसात असलं म्हणून पोटात आठशेसातच असेल कशावरून? म्हणून त्यांनी त्याच्या तारेला थोडे थोडे व्होल्ट देत ती कुठं लालसर होते ते पाहिलं, किती करंट खातो ते मोजलं, आणि मगच दौत पुढं ओढली. त्याच व्हॉल्व्हवर पुढं माझ्या कितीतरी सभा गाजल्या. लोक म्हणायचे, पोराच्या आवाजात दम आहे. तो दम डिस्पोजलचा होता.

मग मी तिथं जातच राहिलो. चिठ्ठ्या आधी उर्दूत असत. जिल्ह्याचा कारभार मराठीत यायला लागला तशी चाचांनी देवनागरी लिहायला सुरुवात केली. मी विचारलं, वाईट नाही वाटत? म्हणाले, ‘‘वाईट वाटतं ना. पण गिऱ्हाईक मराठी वाचतंय. मला बरं वाटावं म्हणून त्यानं व्हॉल्व्ह जाळायचा का?’’ वडिलांना मात्र मी कुठं जातो हे कळत होतं आणि ते बोलत नव्हते.

माझी एक चूक त्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. फौजेच्या नंबरांची एक जुनी यादी मला कुठंतरी मिळाली होती. एका चिमुकल्या व्हॉल्व्हचा नंबर यादीत सापडला. यादी म्हणत होती, सहा व्होल्ट. चाचा नमाजाला गेले होते. छापलेलं आहे म्हणजे खरंच असणार, ही माझी जन्माची सवय. मी थेट सहा व्होल्ट लावले. आतली तार क्षणात पांढरीशुभ्र झाली आणि तुटली. तो दीड व्होल्टचा बॅटरीवरचा व्हॉल्व्ह होता. परत आल्यावर चाचांनी तो उजेडाकडं धरून पाहिला. रागावले नाहीत. चिठ्ठी लिहायला बसले. पहिला रकाना, ‘मेलेला’. दुसरा, कशावरून, ‘घाईवरून’. तिसऱ्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘जिवंतपणी कसा होता, ठाऊक नाही.’ आणि तो खिळ्याला अडकवला. गिऱ्हाईक विचारायचं, हा कुणाचा? चाचा माझ्याकडं बघून म्हणायचे, ‘‘आमच्या पुढाऱ्याचा.’’

आता जे सांगायचं आहे ते चीनच्या लढाईच्या वेळचं. त्या दिवसांत शिवाप्पाच्या हॉटेलातला रेडिओ दिवसभर चालू असायचा. एरवी दुपारी तो बंद असे. बातम्यांना ही गर्दी, माणसं श्वास धरून ऐकायची. आणि ऐन बातम्यांत रेडिओत शीळ वाजायला लागली. बारीक सुरू व्हायची, खाली उतरत जायची, पुन्हा वर चढायची आणि बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, गफूरच्या दुकानात यंत्रं आहेत. चौथ्या दिवशी कोणीतरी म्हणालं, तो निजामाच्या फौजेत तारायंत्रावर होता. पाचव्या दिवशी बिननावाचा अर्ज पोलिसांत गेला. लहरी सोडतो... बातम्या पुरवतो... हेर आहे.

माझं डोकं भणाणलं. चौदा वर्षं हा माणूस गावाचे रेडिओ दुरुस्त करतोय, आणि एका शिळेवर तो हेर? मी त्याच दिवशी छापखाना गाठला. गुलाबी कागद, एका बाजूला छपाई, पाचशे प्रती. ‘सज्जनावर किटाळ!’ असा मथळा, आणि खाली माझं सगळ्यात धारदार वाक्य. ‘गफूरमियाँच्या दुकानात लहरी सोडणारा एकही भाग नाही, आणि ती शीळ हा निव्वळ बनाव आहे!’ शाई ओली होती तेव्हाच मी गठ्ठा घेऊन दुकानात गेलो. चाचांनी एक प्रत घेतली, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत वाचली.

‘‘लिवलंस छान. किती छापली?’’

‘‘पाचशे.’’

‘‘वाटली किती?’’

‘‘अजून एकही नाही. पहिली तुम्हाला.’’

‘‘या अल्ला, तेरा शुकर!’’ ते म्हणाले आणि गठ्ठ्यावर हातच ठेवून बसले. मग फळीवरचा डबा काढून त्यांनी माझ्यापुढं दोन आठशेसात ठेवले. ‘‘हे काय करतात?’’

‘‘आवाज मोठा करतात. माझ्या सभेला यातलाच तर होता.’’

‘‘चिठ्ठी वाच.’’

मी वाचली. इतक्या वर्षांत ती मी कधी पुरती वाचलीच नव्हती. ‘आवाज मोठा करतो. जोडणी बदलली तर लहरीही सोडतो.’

‘‘आणि शीळ माझी हाय,’’ चाचा म्हणाले. ‘‘मी वाजवतो.’’

त्यांनी समजावून सांगितलं. खुणा पुसलेला कंडेन्सर किती मापाचा आहे हे ओळखायचं, तर तो मोजलेल्या कॉइलीला जोडायचा आणि छोटीशी लहर उठवायची. ती लहर आपल्या रेडिओवर शोधायची. जे रेडिओ केंद्र नेमकं कुठं लागतं ते पक्कं ठाऊक आहे, तीच मोजपट्टी. आपली लहर त्या केंद्राला ओलांडते तिथं शीळ वाजते, आणि त्यावरून माप निघतं. गावात बातम्या लागतात तेच केंद्र चाचांची मोजपट्टी होतं. दुपारी हॉटेलातला रेडिओ बंद असायचा, म्हणून इतकी वर्षं कोणाला कळलं नाही. ‘‘माझ्या रेडिओत वाजते ते ठाऊक होतं. शिवाप्पाच्या रेडिओत पण वाजते, ते ठाऊक नव्हतं. चूक झाली.’’

‘‘चाचा, पण हे आत्ता कशाला बोलायचं? लोक पेटलेत!’’

‘‘लोक पेटले म्हणून व्हॉल्व्ह बदलतो का?’’

‘‘मी तुम्हाला वाचवायला बघतोय!’’

‘‘न्हाय, बेटा.’’ त्यांचा आवाज चढला नाही, पण मी तसा आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ‘‘उद्या फौजदारानं व्हॉल्व्ह ओळखणारा माणूस आणला, तर तुझं एक वाक्य खोटं निघेल. आणि माझ्या नावानं एक खोटं निघालं की माझ्या समद्या चिठ्ठ्या खोट्या. तू मला वाचवत न्हाईस. तू माझ्या चिठ्ठ्या मारतोयस.’’

त्यांनी रात्रीची वाट पाहिली नाही, वकील पाहिला नाही. दुकानातल्या प्रत्येक नगाची यादी तीन रकान्यांत आधीच होती. ती वही काखेत मारून ते चौकीवर गेले. मी मागं. दोन्ही आठशेसातच्या ओळींवर त्यांनी फौजदारांसमोर स्वतःच्या हातानं लाल खूण केली. मग म्हणाले, ‘‘साहेब, एक अर्ज हाय. तुम्ही शिवाप्पाच्या हॉटेलात बसा. चहा माझा. मी दुकानात जातो आणि तीन बार शीळ वाजवतो. मोजा.’’

फौजदारसाहेब बदलून आलेले, तरणे होते. वाईट माणूस नव्हते. चक्रावले, पण आले. हॉटेलात पाय ठेवायला जागा राहिली नाही. रेडिओ लावला. शीळ वाजली. थांबली. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा शिवाप्पानं पुसायला घेतलेली बशी तशीच हातात धरली होती. ‘‘कबूलच केलं की!’’ मागून कोणीतरी ओरडलं. त्या आवाजात इतका आनंद होता की मला तो अजून ऐकू येतो. चाचा गल्लीतून चालत आले, गर्दीनं वाट दिली आणि त्यांनी फौजदारांना विचारलं, ‘‘तीन?’’

‘‘तीन,’’ फौजदार म्हणाले. आणि दुकानाला सील लागलं.

पुढचे कित्येक दिवस चाचा बंद दाराबाहेरच्या पायरीवर बसून होते. गिऱ्हाईक तोंड फिरवून जाई. माझी पत्रकं चाचांच्या ट्रंकेत कुलपात होती आणि किल्ली चाचींच्या कमरेला, कारण चाचांचा माझ्यावर भरवसा नव्हता, आणि तो नव्हता ते बरोबरच होतं. मी रोज जाऊन चिडायचो. खरं बोलून काय मिळालं? ते म्हणायचे, ‘‘अजून ठाऊक न्हाय.’’

शेवटी वरून एक वायरलेसचा हवालदार आला. मद्रासकडचा, मितभाषी. सील काढून त्यानं वही आणि नग समोरासमोर ठेवले आणि दोन दिवस एकेक चिठ्ठी ताडून पाहिली. मग चाचांना शीळ वाजवायला बसवून तो हातात बॅटरीचा रेडिओ घेऊन गल्लीतून चालत निघाला. मागं सगळं गाव. शिवाप्पाच्या हॉटेलाशी शीळ मोठी, पुढं बारीक, आणि मशिदीच्या कमानीशी नाहीशी. परत येऊन त्यानं फौजदारांना एवढंच सांगितलं, ‘‘ये आवाज चीन तक नहीं जाती, साब. सब्जी मंडी तक भी नहीं जाती.’’ गर्दीत पहिल्यांदा हशा पिकला. वहीतलं काही खोटं निघालं नव्हतं. दोन आठशेसातही वहीत होते म्हणूनच परत मिळाले. लपवलेले सापडले असते तर काय झालं असतं, हे मला त्या दिवशी फौजदारांच्या तोंडाकडं पाहून कळलं.

जाताना हवालदारानं एक नग बाजूला काढला. पितळेची अंगठ्याएवढी बंद डबी, पाच पाय, ना नंबर ना शिक्का. चिठ्ठीचे पहिले दोन रकाने कोरे, तिसऱ्यात ‘ठाऊक नाही’. त्यानं ती खूप वेळ फिरवून पाहिली. ‘‘मालूम नहीं,’’ तो म्हणाला. चाचांनी लगेच दौत पुढं केली. ‘‘मग इथं सही करा. आता दोघांना ठाऊक न्हाय.’’ आणि त्यानं केली!

सील निघालं त्या संध्याकाळी चाचांनी ट्रंक उघडली. मला वाटलं, आता चूल पेटवायला देतील माझी पत्रकं. त्यांनी एक उलटं करून पाहिलं. ‘‘मागची बाजू कोरी हाय की. कागद चांगला हाय.’’ आणि कात्री घेऊन त्यांनी माझ्या त्या सज्जनावरच्या किटाळाच्या आठ आठ चिठ्ठ्या कापायला घेतल्या. मीही कापू लागलो. म्हणून आज त्या दुकानातल्या निम्म्या चिठ्ठ्या गुलाबी आहेत. पुढून चाचांचं अक्षर, मागून माझं. एखादी उलटावी तर नुसतं ‘एकही’ दिसतं, एखादीवर ‘निव्वळ’, एखादीवर उद्गारचिन्ह. माझं सगळ्यात धारदार वाक्य त्यांनी चिंध्या करून खऱ्याच्या पाठीला लावलं.

मागच्या खेपेला गेलो तेव्हा ते अंथरुणावर होते. उशाशी ती पितळी डबी. मी विचारलं, ‘‘सापडलं का काय आहे ते?’’

‘‘न्हाय. पण काय काय न्हाय, ते सापडलं,’’ म्हणाले. चिठ्ठीला चिठ्ठी जोडून लांबच लांब पट्टी झाली होती. कंडेन्सर नाही, कशावरून. कॉइल नाही, कशावरून. क्रिस्टल नाही... एवढा आजारी माणूस, आणि मोजायचं सोडलं नव्हतं. ‘‘थांब ना आज. आपण दोघं मिळून एकदा बघू.’’ मी घड्याळाकडं पाहिलं. गाडी होती. पुढल्या रविवारी येतो, असं छातीठोकपणे म्हणालो. पुढल्या रविवारचं मला काय ठाऊक होतं?

चाचांच्या दफनानंतरच्या आठवड्यात मी वडिलांपाशी बसलो होतो. ते म्हणाले, ‘‘त्या चौकीवर खरंच सोळा होते का रे?’’

‘‘सोळा. दोन बावर्ची.’’

‘‘आम्ही दोनशे छापले...’’ ते म्हणाले. ‘‘मला ठाऊक नव्हतं.’’ आणि दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते माझ्याबरोबर स्टँडमागच्या गल्लीत आले, ती पायरी चढले आणि चाचींसमोर हात जोडून बसले. आता दर रविवारी आम्ही दोघं तिथं असतो. ते चिठ्ठी वाचतात, मी नव्या वहीत उतरवतो. भंगारवाला दारापर्यंत दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तर मी त्याला आत बसवून चिठ्ठ्या वाचायला लावणार आहे.

वाचकहो, चाळीसवा जवळ आला आहे. मला चाचांचं स्मारक नको, पुतळा नको, शोकसभा तर मुळीच नको. त्या सभेत बोलायला मीच उभा राहीन आणि काहीतरी वाढवून सांगेन. मला तुम्ही हवे आहात. तुमच्यापैकी कोणी फौजेत, तारखात्यात, वायरलेसवर काम केलं असेल, तर चाळीसव्याच्या आत एखाद्या रविवारी उस्मानाबादला या आणि स्टँडमागच्या गल्लीत गफूरचाचांचं दुकान विचारा. नंबर ओळखता येत असेल तर नंबर सांगा, मोजता येत असेल तर मोजा. ज्या शाळेत किंवा कॉलेजात विज्ञानाची खोली आहे आणि तिच्यात एक कपाट रिकामं आहे, त्यांनी ते कपाट आम्हाला द्यावं. डबे चिठ्ठ्यांसकट तिथं जातील. आणि चाचांकडून कधी काळी एखादा नग घेऊन गेला असाल, तर त्याची चिठ्ठी तोडू नका. तिची नक्कल करून या पुरवणीच्या संपादकांकडं धाडा.

ती पितळी डबी चाचींनी मला दिली आहे. ती मी टेबलावर समोर ठेवूनच हे लिहितो आहे. पट्टीच्या शेवटी एक नवी गुलाबी चिठ्ठी जोडली आहे, तिन्ही रकाने आखून. या, ती हातात घ्या, आणि जे मोजाल तेवढंच लिहा. काहीच कळलं नाही तर तिसऱ्या रकान्यात सही करा. त्या पट्टीवर आधीच तिघांच्या सह्या आहेत... चाचांची, त्या हवालदाराची आणि आता माझी. चौथ्याला जागा ठेवली आहे.